सकाळी आठला स्टेशनवर सायकल असेल का? सायकल शेअरिंगमधल्या फेरवाटपाची गोष्ट

सायकल शेअरिंगची योजना जाहीर होते तेव्हा बातमीत दोन आकडे हमखास असतात: सायकली किती येणार आणि स्टँड किती ठिकाणी होणार. योजना टिकते की वर्षभरात गुंडाळली जाते, हे मात्र या आकड्यांवर ठरत नाही. सकाळी आठला रेल्वे स्टेशनबाहेरच्या स्टँडवर सायकल उभी आहे का आणि सव्वाआठला कॉलेजपाशी ती लावायला जागा मोकळी आहे का, यावर ते ठरते. दोनदा रिकामा स्टँड पाहिलेला माणूस तिसऱ्या दिवशी स्टँडकडे वळतसुद्धा नाही, सरळ रिक्षाला हात करतो.

जिथे सायकली साचल्या आहेत तिथून उचलायच्या आणि जिथे संपल्या आहेत तिथे नेऊन ठेवायच्या, या कामाला फेरवाटप म्हणतात. रोजच्या खर्चाचा मोठा वाटा यातच जातो आणि उद्घाटनाच्या दिवशी याचीच चर्चा सर्वांत कमी होते. छत्रपती संभाजीनगरचे रस्ते, चौक आणि वस्त्या डोळ्यासमोर ठेवून हे काम कसे चालते ते पाहू.

भाड्याच्या सायकलीला हा प्रश्न नव्हता

तासाच्या हिशेबाने सायकल भाड्याने देणारी दुकाने मराठवाड्यातल्या गावोगावी होती. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा, ओळखीचा माणूस विचारायचा, आणि सायकल नेली तिथेच परत आणून द्यावी लागायची. त्यामुळे रात्री दुकान बंद होताना सगळ्या सायकली दुकानातच असत. सकाळी मोजायच्या आणि पुन्हा भाड्याने द्यायच्या, एवढाच हिशेब.

शेअरिंगमध्ये सायकल एका स्टँडवरून घ्यायची आणि दुसऱ्या कुठल्याही स्टँडवर सोडून द्यायची असते. लिआँ शहरात २००५ साली आणि पॅरिसमध्ये १५ जुलै २००७ रोजी अशी मोठी योजना सुरू झाली. पुढे लंडन (२०१०), न्यूयॉर्क (२०१३) अशी शहरे त्यात आली. भारतात २०१७ मध्ये भोपाळ आणि म्हैसूरने सुरुवात केली. म्हैसूरची ‘ट्रिन ट्रिन’ योजना ४५० सायकलींची होती. एकेरी फेरीची ही मुभा हेच शेअरिंगचे मोठे आकर्षण आहे, कारण परत येण्याचे बंधन नसते. फेरवाटपाचा सगळा प्रश्नही या मुभेतूनच जन्मतो. माणूस गेला तसा परत येईलच असे नाही, आणि आला तरी सायकलनेच येईल असेही नाही.

सायकली एकाच बाजूला का साचतात

पहिले कारण वेळेचे. जालना, परभणीच्या बाजूने रेल्वेने अप-डाउन करणारे विद्यार्थी आणि नोकरदार सकाळी स्टेशनवर उतरतात. त्यांना देवगिरी महाविद्यालय, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, उस्मानपुरा, क्रांती चौक या बाजूंना जायचे असते. त्या तासाभरात स्टेशनवरून सायकली जातात खूप आणि येतात थोड्या. सिडकोच्या एन सेक्टरांमधून जालना रोडवरच्या कचेऱ्यांकडे आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे सकाळी अशीच रीघ असते. संध्याकाळी ओघ उलटतो, पण पूर्ण उलटत नाही. सकाळी सायकलने आलेला विद्यार्थी संध्याकाळी मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून स्टेशन गाठतो, आणि त्याची सायकल कॉलेजपाशीच राहते. लंडनच्या वॉटर्लू रेल्वे स्थानकाबाहेर सकाळी हाच प्रकार इतका मोठा असतो की तिथे खास मोठा स्टँड करावा लागला.

दुसरे कारण चढाचे. मकई गेटकडून विद्यापीठाच्या दिशेने आणि पुढे लेण्यांच्या डोंगराकडे रस्ता चढत जातो. उतरताना सायकल सुखाची वाटते, चढताना लोक शहर बस किंवा रिक्षा पकडतात. पॅरिसमध्ये मोंमार्त्र आणि बेलव्हिल या टेकड्यांवरचे स्टँड असेच रिकामे होत आणि नदीकाठचे भरून जात. चढावरच्या वस्तीत सायकल कधी आपणहून परत येत नाही, ती कुणीतरी आणावी लागते.

तिसरे कारण प्रसंगांचे. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या नामविस्तार दिनी गेटवर मोठा जनसमुदाय लोटतो. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेला शहर उलटते. अशा दिवशी जवळचे स्टँड दुपारीच भरतात आणि रात्री सगळ्यांना एकाच वेळी परत जायचे असते. रोजच्या सरासरीवर लावलेला अंदाज त्या दिवशी कामाचा राहत नाही. त्याची तयारी आधीपासून वेगळी करावी लागते.

चौथे कारण नादुरुस्त सायकलींचे. मोबाइलवर स्टँडपुढे पाच सायकली दिसतात. प्रत्यक्षात एकीची चेन उतरलेली, दुसरी पंक्चर, तिसरीचा ब्रेक लागत नाही. चालू सायकली नेल्या जातात आणि बिघडलेल्या जागा अडवून बसतात, त्यामुळे काही दिवसांत स्टँड भरलेला दिसतो पण उपयोगाचा राहत नाही. पॅरिसच्या लोकांनी यावर आपणहून एक खूण रूढ केली. बिघडलेली सायकल लावताना तिची सीट मागच्या बाजूला फिरवून ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाचा वेळ जात नाही. फेरवाटप करणाऱ्या माणसालाही ती खूण उपयोगी पडते: बिघडलेली सायकल दुसऱ्या स्टँडवर न नेता दुरुस्तीला न्यायची हे त्याला लांबूनच कळते.

सायकली वाढवून का भागत नाही

स्टँड रिकामा दिसला की पहिली सूचना येते, सायकली वाढवा. फ्रान्समधल्या क्रिस्तीन फ्रिकर आणि निकोला गास्त या संशोधकांनी याचे गणित मांडले आहे. त्यांनी मुद्दाम एक सोयीचे शहर कल्पिले. तिथे चढउतार नाही, सकाळ-संध्याकाळचा ओघ नाही, सगळ्या स्टँडवर मागणी सारखी. लोक फक्त आपापल्या वेळेला येतात आणि जातात. एवढ्या अनुकूल शहरातसुद्धा, फेरवाटप केले नाही तर, काही स्टँड कायम पूर्ण रिकामे किंवा पूर्ण भरलेले असतात.

ते किती, याचे उत्तर सोपे आहे. एका स्टँडवर जितक्या जागा असतील त्यांत एक मिळवा आणि त्या संख्येने दोनाला भागा. १० जागांचे स्टँड असतील तर २ भागिले ११, म्हणजे सुमारे १८ टक्के स्टँड कोणत्याही क्षणी निरुपयोगी असतात. २० जागांचे असतील तर साडेनऊ टक्के, ३० जागांचे असतील तर साडेसहा टक्के. हे प्रमाण याहून खाली येत नाही, आणि तेही सायकलींची संख्या अगदी नेमकी असेल तरच. नेमकी संख्या म्हणजे जागांच्या निम्म्या, अधिक त्या वेळी रस्त्यावर असणाऱ्या. त्याहून जास्त सायकली आणल्या तर रिकामे स्टँड कमी होतात, पण भरलेले वाढतात.

भरलेला स्टँड रिकाम्यापेक्षा जास्त त्रासाचा असतो. रिकाम्या स्टँडवरचा माणूस दुसरे वाहन पकडतो. भरलेल्या स्टँडवर पोचलेल्या माणसाच्या हातात सायकल असते, भाड्याचे मिनिट चालू असते आणि तासिका सुरू झालेली असते. त्याला पुढचा स्टँड शोधत जावे लागते आणि तिथून चालत परत यावे लागते.

या गणितातून दोन धडे निघतात. स्टँड लहान नकोत, त्यांवर जागा भरपूर हव्यात. आणि जागांची संख्या सायकलींच्या दुपटीच्या आसपास हवी. शहरांच्या वाहतुकीवर काम करणाऱ्या आयटीडीपी या संस्थेच्या मार्गदर्शिकेतही दर सायकलीमागे २ ते २.५ जागा ठेवण्याची शिफारस आहे.

कोणत्या स्टँडवर किती सायकली ठेवायच्या

सगळे स्टँड अर्धे भरून ठेवावेत, असे वाटणे साहजिक आहे. पण पाण्याच्या टँकरची फेरी लावताना ज्या गल्लीत आज नळाला पाणी आले तिथे कुणी टँकर रिकामा करत नाही, आणि जिथे चार दिवस पाणी नाही तिथे अर्धा भरून देत नाही. सायकलींचेही तसेच आहे. उद्या सकाळी स्टेशनवरून सायकली जाणार आहेत, म्हणून तिथे रात्री स्टँड जवळजवळ भरलेला हवा. कॉलेजपाशी सायकली येणार आहेत, म्हणून तिथे तो जवळजवळ रिकामा हवा.

नेमका आकडा काढण्याची एक पद्धत तेल अवीव विद्यापीठातले ताल राविव आणि ओफेर कोल्का यांनी २०१३ मध्ये मांडली. एका स्टँडची मागच्या दिवसांची नोंद घ्यायची: कोणत्या तासाला किती सायकली गेल्या, किती आल्या. मग एकेक आकडा धरून पाहायचा. सकाळी शून्य सायकली ठेवल्या तर दिवसभरात किती लोक निराश होऊन परत जातील? पाच ठेवल्या तर? दहा, पंधरा, वीस ठेवल्या तर? निराश होणारे दोन प्रकारचे, सायकल न मिळालेले आणि जागा न मिळालेले. सायकली वाढवत गेलो की पहिल्या प्रकारचे कमी होतात आणि दुसऱ्या प्रकारचे वाढतात. दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी, तो त्या स्टँडचा सकाळचा आकडा.

या पद्धतीतून आणखी एक गोष्ट उघड होते. अगदी रिकाम्या स्टँडवर पहिल्या चार-पाच सायकली नेऊन ठेवल्या तर खूप लोकांची सोय होते. नेमक्या आकड्याच्या जवळ पोचल्यावर शेवटच्या दोन-तीन सायकलींनी फारसा फरक पडत नाही. सायकली वाहणाऱ्या टेम्पोची फेरी आखताना हीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडते.

रात्रीची फेरी: सहा स्टँडचे उदाहरण

समजा, सुरुवातीला शहरात सहा स्टँड केले, प्रत्येकी २० जागांचे. रात्री अकराला मोजणी केली आणि सकाळी काय हवे ते काढले, तर चित्र असे दिसेल:

- रेल्वे स्टेशन: आहेत ३, हव्यात १६
- देवगिरी महाविद्यालय: आहेत १५, हव्यात ५
- उस्मानपुरा: आहेत ८, हव्यात ९
- क्रांती चौक: आहेत ११, हव्यात १०
- औरंगपुरा: आहेत १८, हव्यात १०
- सिडको बसस्थानक: आहेत ९, हव्यात १४

एकूण सायकली ६४. कमी नाहीत आणि जास्तही नाहीत, फक्त जागा चुकल्या आहेत. टेम्पो छोटा हत्ती आहे आणि त्यात एका वेळी १२ सायकली बसतात असे धरू.

उस्मानपुरा आणि क्रांती चौक इथे एकेका सायकलीचाच फरक आहे. तिथे टेम्पो थांबवायचा नाही. आता कॉलेजमधून १० उचलायच्या. कॉलेज आणि स्टेशन एकाच स्टेशन रोडवर असल्याने त्या दहाही लगेच स्टेशनवर उतरवता येतात. स्टेशनवर १३ झाल्या. मग रिकामा टेम्पो औरंगपुऱ्यात न्यायचा, तिथून ५ उचलायच्या आणि जालना रोडने सिडको बसस्थानकावर सोडायच्या. चार थांब्यांत काम झाले.

आता सहाही आकडे तंतोतंत जुळवायचे ठरवले, तर स्टेशनवर आणखी ३ सायकली हव्यात आणि औरंगपुऱ्यात ३ जादा आहेत. त्या तीन सायकलींसाठी टेम्पोला शहराच्या मध्यातून स्टेशनपर्यंत वेगळी फेरी मारावी लागेल, म्हणजे डिझेल आणि दोन माणसांचा वेळ. स्टेशनवर १६ ऐवजी १३ सायकली असल्याने सकाळी थोड्याच लोकांची गैरसोय होईल. तेवढ्याच वेळात टेम्पो एखाद्या पूर्ण रिकाम्या स्टँडवर पोचला तर कितीतरी अधिक लोकांना सायकल मिळेल. अचूकतेचा हट्ट सोडणे हे फेरवाटपातले मोठे कौशल्य आहे.

सहा स्टँडची फेरी माणूस डोक्यात आखू शकतो. दहा स्टँडवर जायचे असेल तर त्यांचे क्रमच ३६ लाख २८ हजार ८०० होतात. शिवाय कुठे किती उचलायच्या, कुठे किती उतरवायच्या आणि टेम्पोत किती मावतात, हेही प्रत्येक थांब्यावर बघावे लागते. सगळे क्रम तपासणे संगणकालाही मोठ्या शहरात परवडत नाही. म्हणून सॉफ्टवेअर आधी एक बरी फेरी शोधते आणि मग थांब्यांची अदलाबदल करत ती सुधारत जाते. न्यूयॉर्कच्या ‘सिटी बाइक’साठी कॉर्नेल विद्यापीठातले डेव्हिड श्मॉइस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी असेच काम केले. त्यांच्या गणितावर तिथल्या सायकली प्रत्यक्ष हलल्या.

हे काम अंगमेहनतीचे आहे हेही विसरता येत नाही. शेअरिंगची सायकल घरच्या सायकलीपेक्षा जड असते. पॅरिसच्या पहिल्या सायकली सुमारे २२ किलोच्या होत्या. अशा दहा सायकली चढवणे म्हणजे २२० किलो उचलणे, आणि पुढच्या स्टँडवर तेवढेच उतरवणे. एक माणूस खालून सायकल देतो, दुसरा वर उभा राहून घेतो आणि एकीचे हँडल पुढे तर दुसरीचे मागे असे लावत जातो, म्हणजे त्या एकमेकींत अडकत नाहीत. एका सायकलीला मिनिटभर धरले तरी दहा सायकलींच्या चढ-उतारातच वीस मिनिटे जातात. टेम्पोची मागची फळी खाली रस्त्यापर्यंत उतरणारी असली आणि सायकल ढकलत वर नेता आली, तर कामगारांची कंबर वाचते आणि वेळही वाचतो.

दिवसाची धावपळ

रात्री रस्ते मोकळे असतात आणि सायकली फारशा हलत नाहीत, म्हणून मोजणी खरी ठरते. दिवसा परिस्थिती वेगळी. सकाळी आठ दहाला स्टेशनचा स्टँड संपला आणि सिडकोतून टेम्पो निघाला, तर जालना रोडवरचे सिग्नल, मोंढा नाका आणि क्रांती चौकातली गर्दी पार करून तो पोचेपर्यंत गाडीने आलेली माणसे केव्हाच निघून गेलेली असतात. म्हणून दिवसाचे फेरवाटप स्टँड संपल्यावर सुरू करून उपयोग नाही. कुठे संपणार आहे हे आधी ओळखून तासभर अगोदर निघावे लागते. नांदेडकडून येणारी गाडी उशिरा असेल तर सायकलींची गरजही तेवढीच पुढे सरकते, ही साधी माहितीसुद्धा टेम्पोच्या माणसाकडे हवी.

दिवसा लांबच्या फेऱ्यांपेक्षा जवळची उपाययोजना बरी. न्यूयॉर्कमध्ये गर्दीच्या स्टँडवर ठरावीक वेळेला माणूस नेमतात. स्टँड भरला की तो आलेल्या सायकली ताब्यात घेऊन बाजूला ओळीने लावतो, त्यामुळे सायकल परत करणाऱ्याला ताटकळावे लागत नाही. जवळच्या दोन-चार स्टँडमध्ये सायकली हलवायला तिथे सायकलला जोडलेली गाडीही वापरतात. आपल्याकडे स्टेशन, कॉलेज आणि क्रांती चौक अशा दोन-तीन ठिकाणी सकाळ-संध्याकाळ दोन तास माणूस ठेवला, तर तो सायकली लावेल, चाकात हवा भरेल, उतरलेली चेन बसवेल आणि नव्या माणसाला कुलूप कसे उघडायचे ते दाखवेल. जालना रोडच्या गर्दीत टेम्पो फिरवण्यापेक्षा असा माणूस जास्त उपयोगी ठरेल, अशी माझी खात्री आहे.

स्वारांनीच सायकली योग्य जागी नेल्या तर

सर्वांत स्वस्त फेरवाटप म्हणजे सायकल चालवणाऱ्यानेच ती गरजेच्या ठिकाणी नेऊन लावणे. पॅरिसने चढावरच्या स्टँडसाठी हेच केले. तिथे सायकल नेऊन लावणाऱ्याला १५ मिनिटे जादा मोफत मिळू लागली. न्यूयॉर्कच्या ‘बाइक एंजल्स’ योजनेत रिकाम्या स्टँडवर सायकल लावली किंवा भरलेल्या स्टँडवरून घेतली की गुण मिळतात, आणि गुणांच्या बदल्यात सवलती.

फ्रिकर आणि गास्त यांच्या गणितातली सर्वांत आशादायक गोष्टही हीच आहे. परत करताना प्रत्येकाने जवळच्या दोन स्टँडपैकी ज्यावर कमी सायकली आहेत तो निवडला, तर रिकाम्या आणि भरलेल्या स्टँडचे प्रमाण झपाट्याने कोसळते. आणि हा फायदा टेम्पो न फिरवता मिळतो.

पण यासाठी जवळपास दुसरा स्टँड असायला हवा. औरंगपुऱ्यातला स्टँड भरला आणि पुढचा दोन किलोमीटरवर असला, तर कुणीही सवलतीसाठी तिथे जाणार नाही. दोनशे-तीनशे मीटरवर निराला बाजारात दुसरा असेल तर बरेच जण जातील. आयटीडीपीची मार्गदर्शिका स्टँडमधले अंतर सुमारे ३०० मीटर आणि एका चौरस किलोमीटरमध्ये १० ते १६ स्टँड ठेवायला सांगते, त्यामागे हेही कारण आहे. दाट जाळे असेल तर फेरवाटपाचे बरेचसे काम लोकच करतात.

स्टँडच नको म्हटले तर: पुण्याचा अनुभव

स्टँड बांधायला पैसा आणि जागा लागते. त्याऐवजी सायकललाच मोबाइलवर उघडणारे कुलूप लावले आणि कुठेही सोडायची मुभा दिली तर? पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि औंध परिसरात अशी सुरुवात झाली. पुढच्या काही महिन्यांत पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशा कंपन्यांच्या सायकली रस्त्यावर आल्या आणि लोकांनी त्या उत्साहाने वापरल्या.

स्टँड नसल्याने रिकामा-भरलेला हा प्रश्न वरवर मिटला. प्रत्यक्षात तो शहरभर पसरला. सायकली सोसायट्यांच्या आवारात जाऊन बसल्या. तिथे त्या नकाशावर दिसत, पण बाहेरच्या माणसाला घेता येत नसत. काही मोडल्या, काहींचे भाग चोरीला गेले. विखुरलेल्या एकेका सायकलीसाठी टेम्पो फिरवणे हे स्टँडवरून दहा एकदम उचलण्यापेक्षा कितीतरी महाग पडते. ओफोने २०१८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला. तो कंपनीच्या जागतिक आर्थिक अडचणींचा भाग होता. पुण्यातली त्या पद्धतीची योजना मात्र नंतरच्या काळात विरत गेली.

आता बऱ्याच ठिकाणी मधला मार्ग निघाला आहे. सायकलला कुलूप असते, पण ती फक्त आखलेल्या पट्ट्यांतच सोडायची. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात युलूने सप्टेंबर २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या दुचाकी अशा ठरावीक जागांवर ठेवल्या. विजेच्या दुचाकींत बॅटरी बदलायला माणूस जातोच, त्याच फेरीत तिला गरजेच्या जागी हलवता येते. पांढऱ्या पट्ट्याने आखलेली जागा लोखंडी स्टँडपेक्षा स्वस्त पडते आणि गरजेप्रमाणे मोठीही करता येते. संभाजीनगरसाठी हा मार्ग जास्त योग्य वाटतो.

टेम्पोच्या धुराचा हिशेब

सायकल शेअरिंग प्रदूषण कमी करण्यासाठी असते. डिझेलचा टेम्पो दिवसभर सायकली वाहत फिरला तर तो हेतू हरवू शकतो. एलियट फिशमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या पाच शहरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इतर शहरांत सायकलींमुळे मोटारीची धाव घटली होती. लंडनमध्ये मात्र मोटारीची जेवढी धाव वाचली त्याहून फेरवाटपाच्या गाड्याच जास्त धावल्या. कारण तिथल्या बहुतेक लोकांनी मोटार सोडून सायकल घेतली नव्हती. ते पूर्वी चालत किंवा बस-मेट्रोने जात होते.

म्हणून फेऱ्या कमी करणे हा खर्चाचा जितका प्रश्न आहे तितकाच योजनेच्या हेतूचाही आहे. वाहतुकीला विजेवरची छोटी मालवाहू गाडी घ्यावी. शिवाय मोटारसायकल आणि रिक्षा सोडून लोक सायकलकडे कुठे येतील ते बघून तिथे स्टँड द्यावेत.

संभाजीनगरने काय करावे

शहराने या दिशेने काही पावले टाकली आहेत. केंद्र सरकारने २०२० मध्ये ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ मोहीम सुरू केली, त्या काळात क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन या रस्त्यावर सायकल ट्रॅकचा प्रयोग झाला. २०२२ मध्ये ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत देशातून निवडलेल्या ११ शहरांत आपले शहर होते. २०११ च्या जनगणनेतच महापालिका हद्दीची लोकसंख्या पावणेबारा लाख होती आणि शहर तेव्हापासून वाढतेच आहे. सायकल शेअरिंगचा विचार होईल तेव्हा फेरवाटपाच्या दृष्टीने पुढील गोष्टी आधी ठरवाव्यात.

एक, सुरुवात एका दाट पट्ट्यातच करावी. रेल्वे स्टेशन, उस्मानपुरा, क्रांती चौक, समर्थनगर, निराला बाजार, औरंगपुरा, मध्यवर्ती बसस्थानक या भागात घरे, कॉलेजे, बाजार आणि कचेऱ्या एकमेकांत मिसळलेल्या आहेत. अशा भागात सायकली दोन्ही बाजूंनी धावतात आणि बराचसा तोल आपोआप सांभाळला जातो. वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत पाळी बदलताना हजारो माणसे एकाच वेळी एकाच दिशेने निघतात. तिथे पहिल्याच टप्प्यात स्टँड नेले तर टेम्पो सगळा वेळ तिकडेच अडकेल.

दोन, जागा सायकलींच्या दुप्पट ठेवाव्यात आणि स्टेशन व कॉलेजसारख्या ठिकाणी त्याहून जास्त.

तीन, निविदेत कंत्राटदाराला सायकलींच्या संख्येवर पैसे देऊ नयेत. गर्दीच्या वेळेत कोणता स्टँड किती मिनिटे रिकामा किंवा भरलेला राहिला, याची मोजणी करून त्यावर मोबदला आणि दंड ठरवावा. सायकली किती विकत घेतल्या हे एकदाच मोजता येते. त्या मिळतात का, हे रोज मोजावे लागते.

चार, टेम्पो, दोन माणसे, चालक, दुरुस्तीचा कामगार आणि गर्दीच्या स्टँडवरचा माणूस यांचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. नंतर बघू म्हटले की पहिला कात्रीत सापडतो तो हाच खर्च.

पाच, कोणत्या स्टँडवर किती सायकली आहेत आणि किती फेऱ्या झाल्या ही माहिती, माणसांची नावे वगळून, सर्वांना खुली करावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवले जाते आणि शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. फेरी आखण्याचा प्रश्न तिथल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला तर त्यांना खरा प्रकल्प मिळेल आणि महापालिकेला फुकटात चांगली फेरी.

सहा, शहर बसचा पास आणि सायकलचे खाते एकच असावे. रिकाम्या स्टँडवर सायकल लावणाऱ्याला बसच्या तिकिटात सवलत मिळाली तर लोक ते आनंदाने करतील.

नागरिकांसाठीही एक काम आहे. तुमच्या वॉर्डात सायकल स्टँडचे उद्घाटन होईल तेव्हा नगरसेवकाला सायकली किती आल्या हे विचारू नका. सकाळी आठला इथे सायकल नसेल तर ती कोण आणणार, किती वेळात आणणार आणि त्याचा पैसा कुठून येणार, हे विचारा. याचे उत्तर लेखी मिळाले तरच ती योजना चालेल.